‘चालू स्थितीत, ओरिजिनल’ : फेवर ल्युबा, राडो आणि जुन्या घड्याळाचा खरा खर्च

जुन्या यांत्रिक घड्याळांच्या जाहिरातींत दोन शब्दप्रयोग हमखास असतात. एक ‘चालू स्थितीत’ आणि दुसरा ‘ओरिजिनल’. नेरुळ, ऐरोली किंवा खारघरमध्ये राहणारा, नुकताच कमवू लागलेला आणि इतिहासाचे वेड असलेला तरुण या दोन शब्दांवर भरवसा ठेवून पहिल्या काही पगारांतून साठवलेले पैसे मोजतो. या दोन्ही शब्दांना मुंबईत मोठा इतिहास आहे. तो ठाऊक असला तर खिशाला बसणारी चाट बरीच कमी होते. आजचा धागा त्या इतिहासाचा आहे आणि तो लांब आहे.

आरंभ घड्याळापासून नव्हे, घटिकापात्रापासून करावा लागेल. तळाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे भांडे पाण्यावर सोडायचे. ते भरून बुडाले की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे, झाली. अशा साठ घटकांची एक दिवसरात्र. ‘घड्याळ’ हा शब्द याच घराण्यातला. या साधनात हलणारा एकही भाग नाही, तरी त्याची निगा राखावी लागे. छिद्रात गाळ अडकला की घटका लांबे, छिद्र झिजून मोठे झाले की आखूड होई. मळ आणि झीज या दोनच गोष्टी काळ मोजणाऱ्या यंत्राच्या मुळावर येतात, हे पुढे स्वित्झर्लंडहून आलेल्या घड्याळांच्या बाबतीतही तितकेच खरे राहिले.

स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल या गावी १७३७ साली आब्राहाम फाव्र याच्या नावाने सुरू झालेल्या घराण्याने पुढे लउबा घराण्याशी भागी केली. आपल्याकडे ते नाव ‘फेवर ल्युबा’ असे रुळले. या घराण्यातला फ्रिट्झ फाव्र १८६५ साली हिंदुस्थानात आला आणि मुंबई हा कंपनीचा मोठा तळ झाला. त्यानंतर दोन दशकांनी, १८८६ साली, सॅंतिमिएच्या घड्याळ-उत्पादकांनी हिंदुस्थानी बाजारासाठी ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’ हे नाव घेतले. नाव लंडनच्या उच्चभ्रू वस्तीचे, कारखाना स्विस आणि गिऱ्हाईक मुंबई-कलकत्त्याचे. त्यांच्या ‘सोवार’ मालिकेचे नावच ‘स्वार’ या आपल्या शब्दावरून पडलेले. घोडेस्वार, रेल्वेचे नोकरदार, सरकारी अंमलदार हे तिचे गिऱ्हाईक. यांतल्या काही घड्याळांत लॉंजिनची यंत्रे बसवलेली असत. म्हणूनच तबकडीवर एक नाव आणि झाकणाच्या आत दुसरे नाव दिसले म्हणजे घड्याळ बनावटच, असे समजण्याचे कारण नाही. नवशिका संग्राहक इथेच अनेकदा चुकतो आणि खरे घड्याळ हातचे घालवतो.

जाता जाता एक गंमत. ही घड्याळे मुंबईत विकली जात होती तेव्हा शहराची वेळच वेगळी होती. ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असलेली ‘बॉम्बे टाइम’ आजच्या भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे होती. प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली, तरी मुंबईने आपली वेळ १९५५ पर्यंत जपली. एखाद्या आजोबांचे वेस्ट एंड तरुणपणी ३९ मिनिटे ‘मागे’ असेल, तर तो यंत्राचा दोष नव्हता.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. परकीय चलन तुटपुंजे असल्यामुळे घड्याळ ही चैनीची वस्तू ठरली आणि आयातीवर कडक बंधने आली. १९६१ साली बेंगळुरूच्या हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीशी सहकार्य करून घड्याळांचा कारखाना उभारला. ‘जनता’, ‘पायलट’, ‘कांचन’, ‘सोना’ ही त्या कारखान्याची अपत्ये. पण स्विस घड्याळाची हौस भागवायची तर दुसरी वाट समुद्राची होती. दुबईहून निघालेला माल कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावर रात्री उतरे, आणि त्यात सोन्याच्या बिस्किटांच्या जोडीला घड्याळेही असत.

या काळाची खूण कायद्यात आजही शिल्लक आहे. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचे कलम १२३ वाचण्यासारखे आहे. एरवी गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. पण काही वस्तू तस्करीच्या असाव्यात अशा वाजवी समजुतीने जप्त झाल्या, तर त्या तस्करीच्या नाहीत हे ज्याच्याकडे सापडल्या त्याने किंवा मालकी सांगणाऱ्याने सिद्ध करायचे. त्या मोजक्या वस्तूंत सोने आहे आणि सोन्याच्या पाठोपाठ घड्याळे आहेत. मनगटावरची एवढीशी वस्तू सोन्याच्या पंक्तीला बसली, यावरून त्या काळी तिची किनाऱ्यावर किती चलती होती ते कळते. १९७४ साली कोफेपोसा कायदा आला, बड्या तस्करांची धरपकड झाली आणि पुढे १९९० च्या दशकात आयातीचे दरवाजे हळूहळू किलकिले होत गेले. मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावर, न्हावा-शेवा येथे, २६ मे १९८९ रोजी नवे बंदर सुरू झाले. त्या बंदरात आज राजरोस, कर भरून, पेट्यांतून माल उतरतो.

तिसरा प्रवाह आखाताचा. १९७० च्या दशकापासून रत्नागिरी आणि रायगडच्या गावांतली माणसे दुबई, कुवेत, सौदीला नोकरीसाठी जाऊ लागली. सुट्टीवर परतणाऱ्याच्या मनगटावर ‘राडो’ दिसली की गावाला त्याच्या पगाराचा अंदाज येई. १९६२ साली निघालेली ‘डायास्टार’ ही त्यांतली सर्वांत ओळखीची. कठीण धातूची, सहजासहजी चरा न पडणारी आणि वर नीलमणी काच. या स्वयंचलित राडोच्या तबकडीवर छोटासा नांगर असतो आणि तो मोकळा फिरतो. नांगर अडकला की आतले तेल सुकत आले, असा तो इशारा मानतात. घड्याळाने स्वतःच्या सर्व्हिसिंगची आठवण मालकाच्या डोळ्यांसमोर ठेवावी, ही कल्पना अजूनही दाद देण्याजोगी आहे.

आता नवी मुंबई. सिडकोची स्थापना १९७० ची, वाशीचा खाडीपूल १९७३ चा आणि मानखुर्दहून वाशीला लोकल आली १९९२ साली. गिरगाव, परळ, दादरच्या चाळींतून माणसे सिडकोच्या घरांत आली, तेव्हा लोखंडी कपाटाच्या लॉकरमधून जुनी घड्याळेही खाडी ओलांडून आली. घड्याळजी मात्र आले नाहीत. नव्या शहरात जे गाळे उघडले ते क्वार्ट्झच्या जमान्यात. १९६९ च्या नाताळच्या दिवशी सेइकोने ‘ॲस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ बाजारात आणले, आणि १९७० मध्ये सुमारे ९०,००० कामगार असलेल्या स्विस घड्याळ-उद्योगात १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ३०,००० च्या आसपासच उरले. भारतात १९८४ साली टाटा आणि तमिळनाडू सरकारचे औद्योगिक महामंडळ यांनी मिळून टायटन काढली, तीही क्वार्ट्झवरच भर देऊन. त्यामुळे स्टेशनच्या आवारातल्या घड्याळाच्या गाळ्यात आज बहुतेक काम सेल बदलण्याचे आणि पट्टा बसवण्याचे चालते. यांत्रिक घड्याळ पूर्ण उघडून, धुऊन, तेल देऊन बसवणारा हात हवा असेल, तर नेरुळच्या माणसाला अजूनही हार्बरची लोकल धरून दादर किंवा फोर्ट गाठावे लागते. खरेदीच्या हिशेबात हा प्रवासही धरायला हवा. एका सर्व्हिसिंगसाठी निदान दोन खेपा होतातच.

‘ओरिजिनल’ या शब्दाकडे वळू. जुन्या घड्याळांच्या जागतिक बाजारात ‘मुंबई स्पेशल’ ही एक रूढ संज्ञा आहे आणि ती गौरवाची नाही. मुंबईत जुन्या फेवर ल्युबा, वेस्ट एंड, ओरिस, टिटोनी, सेइको, रिको आणि एचएमटीचा साठा मोठा होता. किनाऱ्यावरच्या दमट हवेने तबकड्या डागाळल्या होत्या. त्या खरवडून, नवा रंग देऊन, त्यावर अक्षरे छापण्याचे कसब इथल्या कारागिरांकडे होते. इंटरनेटवरचे लिलाव आले आणि परदेशी गिऱ्हाईक दारात उभे राहिले. मग झगझगीत निळ्या, नारिंगी, हिरव्या तबकड्यांची घड्याळे चोर बाजाराच्या वाटेने जगभर जाऊ लागली. मूळ कारखान्याने जे रंग कधी काढलेच नव्हते ते ‘दुर्मीळ’ म्हणून विकले गेले. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

या कारागिरांना सरसकट ठग म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. तबकडी नव्याने रंगवणे ही जुन्या काळी दुरुस्तीतली नेहमीची बाब होती. गिऱ्हाईक स्वतः सांगे, तबकडी नवी करून द्या. स्वित्झर्लंडमध्येही हे होत असे. मनगटावर वापरायची वस्तू स्वच्छ दिसावी, एवढीच अपेक्षा होती. पन्नास वर्षांनी कोणी भिंग लावून अक्षरांची जाडी मोजेल, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. फसवणूक सुरू होते ती रंगवलेल्या तबकडीला ‘मूळची’ म्हटले जाते तिथे. रंगवलेली म्हणून, त्या भावात, उघडपणे विकलेली तबकडी हा प्रामाणिक सौदा आहे, आणि रोज वापरायला तो वाईटही नाही.

ओळखायचे कसे? कारखान्यातली छपाई बारीक, काठ धारदार आणि अक्षरांची जाडी सारखी असते. हाताने केलेल्या पुनर्छपाईत अक्षरे जाडसर, कडा पसरलेल्या आणि मिनिटांच्या रेषा तबकडीच्या काठाशी किंचित तिरप्या दिसतात. सहा वाजण्याच्या खाली असणारी ‘स्विस मेड’ ही बारीक ओळ अनेकदा गायबच असते. काटे एका घड्याळाचे, चावीची कळ दुसऱ्याची, केस तिसऱ्याची, असेही होते. गोधडी शिवावी तसे हे घड्याळ. ऊब देते, पण तिला पैठणीचा भाव कोणी देऊ नये.

एक खूण इतिहासप्रेमींना विशेष आवडेल. पूर्वी काटे अंधारात चमकावेत म्हणून रेडियमयुक्त लेप लावत. १९६० च्या दशकात ट्रिटियम आले आणि तबकडीच्या तळाशी त्याची खूण म्हणून टी हे रोमन अक्षर छापले जाऊ लागले. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे, त्यामुळे ती चमक आता विझलेली असते. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे. पण त्याच्या माऱ्याने लेपातले चमकणारे द्रव्यच काही दशकांत जळून जाते. याचा अर्थ असा की १९५० सालचे म्हणून दाखवलेले घड्याळ आज रात्री हिरवेगार झळकत असेल, तर तो लेप नवा आहे. उलट, तपकिरी पडलेला, न चमकणारा जुना लेप निर्जीव दिसला तरी त्यातले रेडियम शाबूत असते. असे घड्याळ घरी हौसेने उघडू नये आणि लेप नखाने खरवडू तर मुळीच नये. त्याची धूळ श्वासातून आत जाणे धोक्याचे आहे.

‘चालू स्थितीत’ हा दुसरा शब्द अधिक फसवा आहे, कारण तो बहुधा खरा असतो. घड्याळ चालत असते. मुद्दा ते कशावर चालते आहे, हा आहे.

जुन्या एचएमटी किंवा फेवर ल्युबाचे बॅलन्स व्हील तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला पाच. दिवसाला ४,३२,००० आणि वर्षाला पंधरा कोटींहून अधिक. आजच्या बहुतेक आलिशान स्विस घड्याळांत हा वेग तासाला २८,८०० असतो. वर्षाचा हिशेब पंचवीस कोटींच्या वर जातो. हे सारे पोलादाच्या ज्या टोकांवर तोललेले असते ती जाडीला जवळजवळ माणसाच्या केसाएवढी. माणकाच्या छिद्रात बसलेल्या त्या टोकाभोवती तेलाचा अतिसूक्ष्म थेंब असतो. काही वर्षांत तेल घट्ट होते, पसरते किंवा उडून जाते. घड्याळ तेव्हाही थांबत नाही. मुख्य स्प्रिंगची ताकद ते पुढे रेटत राहते आणि पोलादाची चाके-दांडे कोरड्यानेच घासू लागतात. घासून निघालेला चुरा उरल्यासुरल्या तेलात मिसळून काळे लुकण होते आणि ते कानशीसारखे काम करते. मोटारीत ऑइल संपले की इंजिन ओरडते. घड्याळ ओरडत नाही, शांतपणे झिजते. म्हणून कपाटात वीस वर्षे बंद पडलेले घड्याळ कित्येकदा वीस वर्षे सर्व्हिसिंगविना मनगटावर चाललेल्या घड्याळापेक्षा चांगल्या प्रकृतीचे निघते.

याची परीक्षा करणारे यंत्र आता स्वस्त आणि सहज मिळणारे आहे. टायमग्राफर घड्याळाचे ठोके ऐकून तीन गोष्टी सांगतो : दिवसाला किती सेकंद पुढेमागे, ठोक्यांची लय समान आहे का, आणि बॅलन्स किती अंशांत झुलतो. तिसरा आकडा सर्वांत बोलका. पूर्ण चावी दिलेले, तबकडी वर करून ठेवलेले निरोगी घड्याळ साधारण २७० ते ३०० अंश झुलते. तो आकडा २०० च्या आसपास घसरला असेल, तर वेळ अगदी बरोबर दाखवत असले तरी त्याचा मुक्काम घड्याळजीकडेच आहे. विक्रेता ‘दिवसाला फक्त पाच सेकंद फरक’ असे सांगतो तेव्हा तो झुलण्याचा आकडाही विचारावा. फोटोवरून, न पाहता, न ऐकता घेतलेले घड्याळ म्हणजे म्हैस पाण्यात आणि मोल काठावर.

उलट प्रकारचा धक्काही बसतो. घड्याळ एकाएकी दिवसाला कित्येक मिनिटे पुढे पळू लागते आणि मालक हबकतो. पुष्कळदा कारण फक्त चुंबकत्व असते. मोबाइलचे कव्हर, लॅपटॉप किंवा स्पीकर यांतल्या चुंबकाने हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात. ते घालवायला घड्याळजीला अर्धे मिनिट लागते. या अर्ध्या मिनिटाच्या कामासाठी ‘पूर्ण सर्व्हिसिंग’चे बिल लावणारा भेटला, तर दुकान बदलावे.

पूर्ण सर्व्हिसिंग म्हणजे काय, हे माहीत नसल्यामुळे त्याचा दर लोकांना महाग वाटतो. साध्या चावीच्या घड्याळातही शंभरावर भाग असतात. ते सारे सुटे करायचे, धुवायचे, भिंगाखाली तपासायचे, झिजलेले बदलायचे. मग वेगवेगळ्या जागी वेगवेगळे तेल. मुख्य स्प्रिंगच्या पेटीत ग्रीस, सावकाश फिरणाऱ्या चाकांना जाड तेल, बॅलन्सच्या टोकांना अगदी पातळ. जास्त तेल हे कमी तेलाइतकेच घातक. शेवटी रबरी वॉशर नवे, पाण्याच्या दाबाची चाचणी, आणि काही दिवस वेगवेगळ्या स्थितींत ठेवून वेळेची जुळणी. मागचे झाकण काढून, पेट्रोलचा फवारा मारून, तेलाचे बोट फिरवून दहा मिनिटांत परत दिलेले घड्याळ ‘सर्व्हिस केलेले’ नव्हे. असे घड्याळ महिनाभर छान धावते आणि मग आधीपेक्षा वाईट होते.

खर्चाचा मूळ नियम मात्र बहुतेक खरेदीदार उलटा समजतात. त्यांना वाटते, घड्याळ निम्म्या किमतीत मिळाले म्हणजे सांभाळण्याचा खर्चही निम्मा. सर्व्हिसिंगचा दर घड्याळ केवढ्याला मिळाले यावर ठरत नाही; आतल्या यंत्राची गुंतागुंत, सुट्या भागांची उपलब्धता आणि त्यावर कोणाचा ताबा आहे यांवर ठरतो. दारात हत्ती स्वस्तात बांधला तरी त्याचा चारा स्वस्त होत नाही.

तीन उदाहरणे पुरेत. एचएमटी ‘जनता’ : यंत्र साधे, हजारो घड्याळजींच्या हाताखालून गेलेले. केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली, तरी भाग अजून मिळतात, कारण एका बंद जनतातून दुसरी जनता उभी राहते. शेकड्यांतल्या खर्चात काम भागते. राडो डायास्टार : आत बहुतेककरून एटा कारखान्याचे यंत्र, जे अनेक कंपन्यांनी वापरले. त्यामुळे यंत्राची काळजी नाही; पण नीलमणी काचेचा कोपरा उडाला असेल, तर त्या आकाराची अस्सल काच मिळवणे हेच खरे खर्चाचे काम. घेण्यापूर्वी काचेच्या कडेवरून नख फिरवून पाहावे.

तिसरे उदाहरण फेवर ल्युबाचे, आणि सर्वांत शिकवणारे. या कंपनीने १९६० च्या दशकात दोन मुख्य स्प्रिंगांचे पातळ यंत्र काढले. ‘सी किंग’, ‘सी चीफ’ अशा घड्याळांत आढळणारे २५३ हे त्यांपैकी प्रसिद्ध. दोन पेट्यांत ताकद विभागल्यामुळे चावी उतरत आली तरी जोर बराचसा एकसारखा मिळतो. कल्पना सुंदर, आणि घड्याळ पातळ म्हणून देखणेही. पण बदलायला दोन स्प्रिंगा, चाके नाजूक आणि तो साचा दुसऱ्या कंपन्यांशी जुळणारा नाही. ज्याने ते कधी उघडले नाही अशा हाती दिले तर नुकसान ठरलेले. या घड्याळाच्या खरेदीइतकाच खर्च एका चांगल्या सर्व्हिसिंगला आला, तर त्यात नवल नाही. तबकडीवर तेच नाव असलेले, पण आत साधे एका पेटीचे यंत्र असलेले मॉडेल पहिल्या खरेदीला कितीतरी शहाणपणाचे. म्हणून विक्रेत्याकडे झाकण उघडलेला फोटो मागायलाच हवा, आणि यंत्रावर कोरलेला आकडा वाचायला हवा.

याच्याही वरच्या पायरीवर रोलेक्स, ओमेगा, जेजर-लकुल्त्र यांची घड्याळे. इथे हिशेब वेगळ्याच मापाचा. अनेक कंपन्या सुटे भाग स्वतंत्र घड्याळजींना देत नाहीत. काम अधिकृत केंद्रातच करून घ्यावे लागते आणि बिल सहज पाच आकड्यांत जाते. स्टॉपवॉच असलेला क्रोनोग्राफ असेल तर आणखी वर. पाच ते दहा वर्षांतून एकदा सर्व्हिसिंग धरले, तर वीस वर्षांत दोन ते चार वेळा ते बिल येणार. खरेदीच्या दिवशीच किमतीत एका सर्व्हिसिंगची रक्कम मिळवून जो आकडा येतो तोच खरा भाव. विक्रेत्याकडे अलीकडच्या कामाची, दिनांक असलेली पावती असेल, तरच ती रक्कम वजा करावी. आणखी एक बारीक गोष्ट : अधिकृत केंद्र कित्येकदा जुने काटे, जुनी तबकडी बदलून नवी लावते आणि केस घासून चकचकीत करते. घड्याळ सुधारते, त्याचा इतिहास पुसला जातो. काय बदलायचे नाही आणि जुने भाग परत हवेत, हे लेखी सांगावे.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी दमट हवेचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. झाकणावर ‘वॉटरप्रूफ’ कोरलेले असले तरी ते वचन कारखान्यातून निघाल्या दिवशीचे. चाळीस वर्षांपूर्वीचे वॉशर आज कडक पापडासारखे झालेले असते. पावसाळ्यात, घामात, खाडीवरच्या वाऱ्यात ओलावा पहिल्यांदा चावीच्या दांड्यातून शिरतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. कळ बाहेर ओढताना खरखर लागली किंवा काचेच्या आतून धुके दिसले, तर भाव विचारण्याचीही गरज नाही. जुने घड्याळ जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरीच ठेवणारा मालक हौशी वाटेल, पण त्याचे सर्व्हिसिंगचे बिल इतरांपेक्षा कमी येते. धक्क्यांची धास्ती त्या मानाने कमी असावी. १९३० च्या दशकात ‘इन्काब्लॉक’सारखी धक्के झेलणारी रचना आली, आणि सकाळच्या पनवेल लोकलचा दरवाजाही ती बऱ्यापैकी सोसते. त्याआधीच्या घड्याळात ती सोय बहुधा नसते. बॅलन्सचा दांडा एकदा मोडला की नवा मिळवणे किंवा खरादावर बनवून घेणे हे दोन्ही महागच.

कागद ही शेवटची बाब, आणि तरुण खरेदीदार नेमका तिथेच आळस करतात. महागडे वापरलेले घड्याळ घेताना बिल, विक्रेत्याचे नाव, मालिका क्रमांक आणि शक्य असेल तर मूळ खरेदीचा किंवा भरलेल्या सीमाशुल्काचा पुरावा घ्यावा. कलम १२३ मधली घड्याळे आजही यादीत आहेत. सिद्ध करण्याचा भार उद्या कोणावर येईल, हे त्या कलमाने साठ वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे. २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळाच्या विक्रीवर दुकानदाराने एक टक्का कर स्रोताशी गोळा करायचा, असाही नियम आला आहे. एवढ्या किमतीचे घड्याळ ‘बिलाशिवाय थोडे स्वस्त’ मिळत असेल, तर ते स्वस्त का आहे हे आपोआप कळते.

किमतींच्या बाजूने एक बदल चालू आहे. स्वित्झर्लंडसह चार देशांच्या एफ्टा गटाशी भारताने १० मार्च २०२४ रोजी केलेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला असून स्विस घड्याळांवरचे आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरत जाणार आहे. नवी घड्याळे स्वस्त होतील तशी वापरलेल्यांची किंमतही थोडी खाली येईल. सुट्या भागांची टंचाई आणि कुशल हातांची मजुरी यांवर या कराराचा परिणाम होण्याचे कारण दिसत नाही.

फेवर ल्युबाचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. क्वार्ट्झच्या लाटेत घराण्याच्या हातून कंपनी गेली आणि नाव अनेक मालकांकडून फिरत राहिले. ज्या टायटनने भारतात क्वार्ट्झ रुजवले, तिनेच २०११ साली हे नाव वीस लाख युरोंना विकत घेतले. २०२३ मध्ये ते पुन्हा हस्तांतरित झाले, या वेळी चंदीगडमध्ये सुरुवात झालेल्या ‘इथॉस’ या घड्याळ-विक्रेत्या कंपनीच्या स्विस उपकंपनीकडे, आणि २०२४ साली जिनिव्हात नवी मॉडेले मांडली गेली. त्यांतल्या यंत्रांचा जुन्या २५३ शी काही संबंध नाही. जुन्याचा दांडा मोडला, तर तो अजूनही दुसऱ्या एखाद्या बंद पडलेल्या ‘सी किंग’मधूनच काढावा लागतो.